वाटेपलीकडून मागितलेली प्रार्थना

रोझालिया क्लिंकर, वय वर्षे चौतीस.

हे नाव माझे नव्हे आणि हे वयही माझे नव्हे. मी एक दगड बोलतो आहे, कबरीवरचा. दगडाला स्वतःचे नाव नसते. ज्याचे नाव त्याच्या छातीवर कोरले जाते, तेच त्याला जन्मभर सांगावे लागते. चौतिसाव्या वर्षी थांबलेल्या एका स्त्रीचे वय सांगत मी सव्वाशेहून अधिक वर्षे उभा राहिलो. आज मी उभा नाही. परंतु ते यथाक्रम सांगितले पाहिजे. क्रम सोडून बोलणे मला मान्य नाही.

माझा जन्म विस्कॉन्सिनमधील चुनखडीच्या खाणीत झाला. शाळा मला ठाऊक नाही. पहिली अक्षरे मी अंगावर छिन्नी सोसून शिकलो. उरलेली, समोरच्या ओळींतील दगड वाचून. त्यामुळे जर्मन, पोलिश आणि इंग्रजी या तिन्ही भाषा मला शुद्ध वाचता येतात. याचा मला अभिमान आहे आणि तो लपविण्याचे कारण मला दिसत नाही.

आमच्या दफनभूमीच्या मधोमध एक खडीची वाट आहे. वाटेच्या उत्तरेस जर्मनांनी आपले मृत ठेवले, दक्षिणेस पोलिशांनी. चर्च एक, पाद्री एक, देवही एकच. तरीसुद्धा मेल्यावर शेजार नको, एवढ्यावर मात्र दोघांचे एकमत होते.

रोझालिया पोलिश, गापिन्स्का घराण्याची. पोझ्नानजवळच्या एका खेड्यातून ती आईबापांबरोबर आली आणि बर्नहार्ड क्लिंकर नावाच्या जर्मन शेतकऱ्याशी तिने लग्न केले. त्या लग्नाला दोन्हीकडचे कोणी जेवायला थांबले नाही, असे मी नंतर ऐकले. १८८९च्या शरद ऋतूत ती तापाने गेली, तेव्हा तिचा मुलगा हेन्री चार वर्षांचा होता.

बर्नहार्ड मला पाथरवटाच्या अंगणात भेटला. पाथरवटही जर्मनच होता.

"वर लिही, 'येथे देवाच्या कुशीत विसावली आहे'. मग नाव, मग वय. त्याखाली 'जन्माने गापिन्स्का'," बर्नहार्ड म्हणाला. "आणि सगळ्यात खाली एक ओळ त्यांच्या भाषेत."

"कुणाच्या?"

"तिच्या लोकांच्या."

"अरे, जर्मन ओळीत पोलिश दगड? उद्या तुझे भाऊ माझ्या दारात उभे राहतील!"

"राहू देत. मरताना तिनं माझ्याकडून ओळ पाठ करून घेतलीय. चुकलो की परत म्हणायला लावायची."

पाथरवटाला ती भाषा येत नव्हती, म्हणून चर्चच्या ऑर्गनवादकाला बोलावून ती ओळ माझ्यावर खडूने काढून घेतली. तिचा अर्थ असा: 'येणाऱ्याजाणाऱ्यांकडे एक नमो मारिया मागते.'

पोलिश लोकांचा हा जुना रिवाज आहे. त्यांचे मृत केवळ नाव सांगून स्वस्थ बसत नाहीत. वाटसरूकडे ते हक्काने ही मारियेची प्रार्थना मागतात. आणि ज्याला वाचता येते, त्याला ती म्हणावीच लागते. न म्हणता पुढे जाणे म्हणजे दारात आलेल्या तहानलेल्याला पाणी न देता घालवणे होय. आपण नवऱ्याच्या ओळीत पडणार, सभोवती सगळे जर्मन, मग आपल्या बोलीत आपल्यासाठी कोण थांबेल, ही रोझालियाची धास्ती होती. वाटेपलीकडच्या माणसांना अलीकडे आणण्यासाठी तिच्यापाशी ही एकच ओळ होती.

आणि माणसे आली. रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की दक्षिणेकडील बाया वाट ओलांडत.

"काय ग रोझालिया, जर्मनीण होऊन पडलीस ती पडलीस, वर आम्हाला एवढं चालायला लावतेस!" एकजण म्हणे.

"चालू दे की तिला. जिवंतपणी आपल्या रीतीनं कोबीत गाजर घालायला दिलं नाही मेल्या सासरच्यांनी. एक नमो मारिया तर घेऊ दे सुखानं!" दुसरी म्हणे. मग दोघी पदर सावरावा तशी ओढणी सावरून प्रार्थना म्हणत.

बर्नहार्डही म्हणे. सर्व मृतांच्या दिवशी मेणबत्ती लावून तो ती प्रार्थना पोलिशमध्येच म्हणे, आणि उच्चार इतके वाईट असत की शेजारच्या बाया तोंडाला रुमाल लावत. मी मात्र हसलो नाही. तो गेल्यावर त्याला तिच्याशेजारी ठेवले. त्याच्या दगडावर काही मागितलेले नव्हते.

पुढे महायुद्ध आले आणि अमेरिका जर्मनीविरुद्ध उतरली. १९१८ साली आमच्या गावात जर्मन बोलणाऱ्यांच्या धान्यकोठारांना लोक फितुरीची खूण म्हणून पिवळा रंग फासू लागले. हेन्री आता तेहतीस वर्षांचा कर्ता पुरुष होता. एका सकाळी तो कारागिराला घेऊन आला.

"इंग्रजी नाही ते सगळं काढ," तो म्हणाला.

कारागीर वाकून पाहू लागला. "वरची ओळ जर्मन आहे खरी. खालची काही जर्मन वाटत नाही बुवा. ही अक्षरांवरची शेपटं बघ."

"तुला वाचता येतं?"

"नाही."

"मला पण नाही. मग रंगाची बादली घेऊन येणाऱ्याला तरी कुठून येणार? काढून टाक."

"आणि हे मधलं? आईचं माहेर असेल तुझ्या."

"'जन्माने' हा शब्द जर्मन आहे ना? मग सबंध ओळ जाऊ दे."

मला वाचा असती तर मी ओरडून सांगितले असते: अरे मूर्खा, पोलंड स्वतंत्र व्हावा म्हणणाऱ्या साऱ्या अमेरिकेला त्या वर्षी पोलिश माणूस आपला वाटत होता! ज्या ओळीने तुझ्या दाराला कोणी बोट लावले नसते, तीच तू छिलून काढलीस. बाप घरी जर्मन बोलला, आई लवकर गेली. तिची बोली तिच्याच पोराला जर्मनहून वेगळी ओळखता आली नाही. माझ्या अंगावर नाव आणि वय तेवढे राहिले. त्याखाली बोटभर खोल खळगा पडला. तरीही पिवळा रंग हेन्रीच्या कोठाराला लागलाच.

त्यानंतर काही वर्षे म्हाताऱ्या बाया आठवणीने येत राहिल्या. एकेक करून त्याही दक्षिणेच्या ओळीत जाऊन निजल्या. नव्या पिढीला वाट ओलांडण्याचे कारण माझ्या अंगावर सापडेना. मागणे तेच होते. मागायला तोंड नव्हते.

हेन्रीचा नातू ड्वेन कुटुंबाचा इतिहासकार आहे, म्हणजे त्याने स्वतःची तशी नेमणूक केलेली आहे. दर उन्हाळ्यात कुटुंबाचा मेळावा भरतो, जाळीवर सॉसेज भाजतात, आणि ड्वेन सर्वांना माझ्यापुढे आणून उभे करतो.

"आपली पणजी! अस्सल ओल्डनबुर्गची. आपण शंभर टक्के जर्मन, लक्षात ठेवा!" असे तो दरवर्षी सांगे. सांगताना त्याचा बूट माझ्या खळग्यावर टेकलेला असे. ज्या माहेरच्या नावासाठी त्याने दोनदा जर्मनीची वारी केली, ते नाव नेमके त्याच्या बुटाखालून नाहीसे झालेले होते.

मग त्याची पुतणी क्रिस्टिन एका नळीत थुंकली आणि ती नळी तिने वंशाच्या तपासणीला पाठविली.

"काका, सोळावा हिस्सा पोलिश निघालाय माझा!"

"प्रयोगशाळेची चूक असेल."

"सगळ्याच प्रयोगशाळेच्या चुका? गेल्या वर्षी तुमचं नव्वद टक्के जर्मन निघालं, तेव्हा फ्रेम करून लावलंत की भिंतीवर!"

क्रिस्टिनने वाट ओलांडली. एवढे श्रेय मी तिला देतो. पलीकडे लिओकाडिया विएर्झबा आपल्या आईच्या कबरीवर पाणी घालीत होती. वय अठ्ठ्याऐंशी, गावात पोलिश बोलणारी ती शेवटची.

"जर्मन ओळीत आपली एक आहे, असं माझी आजी सांगायची," लिओकाडिया म्हणाली. "दर रविवारी तिकडे जायची. का, ते मी मेलीनं कधी विचारलंच नाही." ती काठी टेकीत माझ्याजवळ आली आणि तिने खळग्यात बोटे फिरवली. "पोरी, इथे मागणं होतं. आमच्या सगळ्या दगडांवर असतं, जाऊन बघ. नमो मारिया मागितली होती हिनं."

आणि तिथेच उभी राहून लिओकाडियाने ती म्हटली. काठीवर दोन्ही हात, आवाज फाटलेला, पण शब्द शुद्ध. कित्येक दशकांत प्रथमच माझे मागणे कोणी ऐकले. क्रिस्टिन रडली, रडत रडत तिने छायाचित्र काढले.

म्हणून माझी आशा पालवली. ती पालवायला नको होती.

पुढच्या मेळाव्यापूर्वी नवा दगड बसविण्याचे ठरले: काळा ग्रॅनाइट, चकचकीत, दोन्ही देशांचे ध्वज कोरलेला. ड्वेनचाही विरोध मावळला होता, कारण जर्मन ध्वज डावीकडे, म्हणजे पहिला होता.

"खाली ती ओळ घालताय ना?" लिओकाडियाने विचारले.

"आजी, आमच्यात आता कोणी चर्चला जात नाही," क्रिस्टिन मृदूपणे म्हणाली. "प्रार्थना वगैरे जरा जड वाटेल सगळ्यांना. आणि पोलिश वाचणार कोण? आम्ही 'आमच्या मुळांचा अभिमान' असं लिहितोय. तिला आवडेल."

"तिला काय आवडेल ते तिनं लिहून ठेवलं होतं, बाळे," लिओकाडिया म्हणाली आणि झारी उचलून चालू लागली.

हेन्रीने भीतीपोटी ती ओळ काढली. त्याला मी एक वेळ क्षमा करीन. यांना भीती कसलीच नव्हती. यांना पूर्वज हवे होते, पूर्वजांचे मागणे नको होते.

वाचकहो, ती प्रार्थना तुम्हाला येत नसेल. मी ती तुमच्याकडे मागत नाही. रोझालिया गापिन्स्का, एवढे नाव तरी एकदा मोठ्याने उच्चारा. ते आता जगात कोठेही कोरलेले नाही.

नवा दगड बसविला, त्या दिवशी मला उपटून दफनभूमीच्या नळाखाली पालथे घातले. माझ्या पाठीवर लोक झाऱ्या टेकवतात. लिओकाडिया त्याच हिवाळ्यात वारली. मेळावा आता दरवर्षी नव्या दगडापुढे भरतो आणि जेवणात सॉसेजबरोबर पोलिश पिएरोगीही असतात.