ओलीचा कोपरा

मलाकीचं फावडं मऊ कशात तरी रुतलं आणि त्यानं हात आवरला. शेजारच्या अट्रॅक्टाच्या दलदलीतल्या वाट्यावर तो चुलीत जाळायची काळी माती विटांसारखी कापत होता. आधी खांदा दिसला, मग कमावलेल्या चामड्यासारखं तोंड, गळ्यात पिळाची दोरी, डोक्यावर लालभडक केस.

अट्रॅक्टा किटली टाकून धावली. तिचा पोरगा डेक्लन लाल केसांचा. सीमेवरच्या बंदूकवाल्यांनी खबऱ्या ठरवून त्याला घरातून उचलला, तो परत आलाच नाही. कुणी नेला हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. रविवारी देवापुढे गुडघे टेकणारं गाव, पण एकाची जीभ हलली नाही. न्याय वगैरे तिनं केव्हाच सोडला होता. पोराचं मढं तेवढं हवं होतं.

ती चिखलात बसून त्या तोंडावरची माती पुसायला लागली. मागून मलाकी हळूच म्हणाला, "अगं, हा तुझा पोर नाही. ऊठ."

तिनं ऐकलं नाही. पोलिसानं लाल केस बघून डेक्लनच म्हणून मान डोलावली. पाद्र्यानं प्रार्थना म्हटली. मढं पोलिसांनी नेलं, तरी रिवाजाप्रमाणे तिच्या घरी मयताची बैठक बसली. चहा, व्हिस्की, हॅमचे सँडविच. कुणीतरी म्हणालं, "डेक्लन स्वतःच्या मयतालाही उशिराच येणार." तीसुद्धा हसली.

मग डब्लिनहून संग्रहालयाची बाई आली. म्हणाली, माणूस दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. दलदलीत मढं कुजत नाही, आणि तिचं पाणी सगळ्यांचेच केस लाल करतं. त्यानं शेवटचं काय खाल्लं, तेही पोटातून कळेल.

"दोरी कुणी आवळली?" अट्रॅक्टानं विचारलं.

"ते नाही कळणार."

"मग तो इथलाच," अट्रॅक्टा म्हणाली.

त्याला कापसात गुंडाळून तान्ह्या पोरासारखा नेला. सरकारला मेलेल्याची माया फार, फक्त मारणारेही मरून माती झालेले असले पाहिजेत.

ती विझल्या चुलीपाशी बसून राहिली. पोलीस चुकला, पाद्री चुकला, जन्म देणारी आई चुकली. एकटा मलाकी चुकला नाही. हा डेक्लन नाही हे तोंडावरची माती निघायच्या आत त्याला ठाऊक होतं. डेक्लन गेल्यापासून दर उन्हाळ्यात तो तिची माती फुकट कापून द्यायचा आणि बर्चच्या झाडाजवळचा कोपरा तेवढा सोडायचा. तिथं ओल आहे, म्हणायचा. तिनं त्याला आशीर्वाद दिले होते.

सकाळी फावडं घेऊन ती त्या कोपऱ्यात उभी राहिली. मलाकी बांधावरून येता येता थबकला.

"तिथं ओल आहे," तो म्हणाला.

तिनं फावडं मारलं. ओल कसलीच नव्हती. माती सैल होती, कुणी तरी एकदा उकरलेली.

"कुणी ते मी विचारत नाही," ती म्हणाली. "किती खोल, तेवढं सांग."

मलाकीनं डोक्यावरची टोपी काढली.