यादीतला दुसरा नंबर

“केंद्र क्रमांक सहा. वीज खंडित. जनरेटर चालू झालेला नाही. पोच देण्यासाठी नऊ दाबा.”

“नाही दाबत, जा!” असे म्हणून काकूंनी रिसीव्हर आदळला आणि पुन्हा विळीवर जाऊन बसल्या. वीस मिनिटांतली ही पाचवी खेप. चार मिनिटांनी ती रेकॉर्डवरची बाई पुन्हा बोलणार, तितक्याच शांतपणे, जणू पहिल्यांदाच सांगते आहे. या शांतपणाचाच काकूंना जास्त संताप यायचा.

बाहेरच्या खोलीत काका खुर्चीत बसून पायाची नखे कापत होते. टेलिफोन कंपनीत एकतीस वर्षे मेकॅनिकची नोकरी करून ते मागच्या मंगळवारी रिटायर झाले होते.

“अहो, सहा नंबर.”

“आपल्याला आता काही माहीत नाही,” काका म्हणाले.

आठ दिवस त्यांचे हेच पालुपद चालले होते. निरोपसमारंभाच्या आधी ते आपणहून साहेबांकडे गेले होते. नव्या माणसाला पंधरा दिवस बरोबर घेऊन हिंडतो, नऊही केंद्रे दाखवतो, पगार नको, म्हणाले होते. साहेबांनी हसून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. “काका, सगळं फाइलमध्ये आहे. तुम्ही आराम करा.” तो हात काकांना फार लागला होता.

त्या नऊ केंद्रांत माणूस बसत नसे. खेड्याबाहेर एक कुलूपबंद खोली, आत यंत्रे, आणि भिंतीवर एक करडी पेटी. वीज गेली, बॅटरी उतरली, दार उघडे राहिले, की ती पेटी आपण होऊन फोन फिरवायची. आधी काकांच्या मोबाइलवर. तो लागला नाही की घरच्या फोनवर. तिथे कोणी नऊ दाबला नाही की ऑफिसात. काका बहुतेक वेळ कुठल्या तरी डोंगरात असायचे, मोबाइल लागत नाही अशा जागी. त्यामुळे एकोणीस वर्षे पेटीने जे काही सांगितले, ते काकूंनाच सांगितले. मग काकूंनी काकांना शोधायचे. या गावच्या दुकानात निरोप ठेव, त्या गावच्या शाळेत फोन कर. तापात, पाहुण्यांत, पोराच्या परीक्षेत, कधी अंगावर साबण असताना.

आता काकांचा मोबाइल ऑफिसात जमा झाला होता आणि टेबलाच्या खणात बंद पडून होता. ऑफिस नव्या इमारतीत गेल्यापासून यादीतला तिसरा नंबर मेलेला. राहिल्या काकू. नऊ दाबावा, तर ‘कळलं, बघतो’ असे समजून पेटी गप्प बसणार आणि दुसऱ्या कोणालाच काही कळणार नाही. न दाबावा, तर डोके उठवणार.

फोन वाजायच्या आत त्यांनी ऑफिसचा नवा नंबर फिरवला. क्लार्कने उचलला. काकूंनी आधी घरचा नंबर काढायला सांगितला.

“बाई, तुमचा नंबर यादीतून काढायचा तर लेखी अर्ज लागेल.”

“अर्ज देते हो. पण सहा नंबरला वीज नाही, जनरेटर बंद आहे, त्याचं काय?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“पेटीनं सांगितलं!”

“पण पेटीनं आम्हाला सांगायला पाहिजे ना.”

काकूंनी कपाळाला हात लावला. “ते तुम्ही पेटीला सांगा. नवे टेक्निशियन कुठे आहेत?”

“साइटवर.”

“कुठल्या साइटवर?”

“ते आल्यावर कळेल.”

फोन ठेवतात तोच तो पुन्हा वाजला. “केंद्र क्रमांक सहा. बॅटरी कमी.”

काकू रिसीव्हर धरून उभ्याच राहिल्या. आता जेमतेम अर्धा तास. सहा नंबर म्हणजे घाटावरची चार गावे. तिथे मोबाइल पोचत नाही. दवाखान्यात एकटी नर्स, आणि रुग्णवाहिका बोलवायला तेवढा एक फोन. दोन वर्षांपूर्वी तो दिवसभर बंद पडला होता, तेव्हा नर्सने सायकलवरून माणूस पिटाळला होता आणि त्याला उशीर झाला होता. काका त्या रात्री जेवले नव्हते.

काकूंनी नऊ दाबला. मग खोलीची किल्ली ज्याच्याकडे असायची, त्या गिरणीवाल्याला फोन लावला. एकोणीस वर्षे दोघे एकमेकांचा आवाज ओळखत होते, तोंड कोणी कोणाचे पाहिले नव्हते.

“वहिनी? अहो, काका रिटायर झाले ना?”

“ते झाले. मी नाही झाले. भाऊ, किल्ली घ्या आणि पळत जा. खोलीतल्या फोनवरून मला फोन करा.”

सात मिनिटांनी तो धापा टाकत बोलला. “वहिनी, बटण दाबलं की नुसतं घुर्र करतंय. पकडत नाही.”

“डिझेल आहे?”

“टाकी अर्धी आहे. पण काल एकदा रिकामी झाली होती, मीच भरली.”

काकूंना पुढचे माहीत नव्हते. निरोप त्यांनी हजार पोचवले होते, पण पाना कधी हातात धरला नव्हता. त्या दाराशी आल्या.

“अहो, टाकी काल रिकामी झाली होती. आता भरलीय, पण पकडत नाही.”

काकांनी दुसऱ्या पायाचे नख कापायला घेतले.

“साहेबावर रुसा, मला हरकत नाही,” काकू म्हणाल्या. “पण ती नर्स तुमची कोण लागते?”

काकांनी नेलकटर खाली ठेवले. बसल्या जागेवरूनच, भिंतीकडे बघत ते म्हणाले, “हवा धरलीय पाइपात. फिल्टरच्या डोक्यावरचा लहान बोल्ट सैल कर म्हणावं. मग हातपंप मारायचा. बुडबुडे थांबले की बोल्ट आवळायचा. जोर लावू नको म्हणावं, त्याचे आटे गेलेत.”

काकूंनी एकेक वाक्य फोनमध्ये सांगितले. पलीकडून खाटखूट ऐकू आली, एक शिवी ऐकू आली, मग बराच वेळ काही नाही. तोवर काका उठून फोनपाशी येऊन उभे राहिले होते. आणि मग खोकल्यासारखे दोनदा होऊन जनरेटर धडधडायला लागला. त्या आवाजात गिरणीवाला काय ओरडत होता ते कळलेच नाही.

“तीनदा सांगितलं होतं तो बोल्ट बदला म्हणून,” काका म्हणाले. “ते नसेल फाइलमध्ये.”

दुपारी नवा टेक्निशियन घर शोधत आला. चाळिशीचा, स्कूटरवरून आलेला, भुवयांपर्यंत धुळीने भरलेला. तीन नंबरच्या केंद्रावर तो सकाळपासून कुलपाशी झटत होता. फाइलमधली किल्ली भलत्याच कुलपाची निघाली होती. काकूंनी दिलेले पाणी त्याने एका दमात संपवले.

“काका, माफ करा. गिरणीवाल्यानं सांगितलं सगळं. तुमचा नंबर मी आजच काढतो, पण पेटीचा कोड लागेल. फाइलमधला कोड ती घेत नाही.”

“कसा घेईल? तो जुन्या पेटीचा आहे,” काका म्हणाले. त्यांनी त्याला जरा वेळ ताटकळत ठेवले. मग आत जाऊन एक वही आणली आणि त्याच्या शेजारी बसून नऊही केंद्रांचे कोड त्याला उतरवून दिले. कुठल्या खोलीत साप निघतो, तेही सांगितले.

नव्या टेक्निशियनने तिथूनच सहा नंबरच्या पेटीला फोन लावला. कोड दाबला. पहिल्या जागी स्वतःचा मोबाइल घातला, तिसऱ्या जागी ऑफिसचा नवा नंबर.

“आणि दुसरा?” काकांनी विचारले.

“माझ्या घरचा टाकतो. बायको असतेच घरी.”

काकू भांडी लावत होत्या. हातातले पातेले त्यांनी ओट्यावर ठेवले आणि त्या बाहेर आल्या.

“तिला विचारलंत?”

“अं?” तो हसला. “त्यात काय विचारायचं, काकू? फोनच तर उचलायचाय.”

“विचारा.”

“संध्याकाळी सांगतो ना तिला.”

“सांगू नका. विचारा. आत्ता, माझ्यासमोर. तोवर तो नंबर टाकायचा नाही.”

त्याने काकांकडे पाहिले. काका वहीत बघत होते. शेवटी पेटीचा फोन कापून त्याने घरी फोन लावला आणि अवघडत, अडखळत सगळे सांगितले. पलीकडून तिने काहीतरी विचारले. मग तो “हो, इथेच आहेत,” म्हणाला आणि रिसीव्हर काकूंपुढे धरला.

“तिला तुमच्याशी बोलायचंय.”

आवाज तरुण होता. मागे कुकरची शिट्टी होत होती आणि कोणीतरी लहान मूल रडत होते.

“काकू, खरं सांगा हं. दिवसातून किती वेळा वाजतो हो तो?”

काकूंनी काकांकडे पाहिले. काकांनीही वहीतून मान वर केली होती आणि ते थांबले होते. इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी विचारलेच नव्हते.