वाऱ्याचा रकाना

“साहेब, एकदा बाहेर येऊन वर बघा. मग सांगा मला नुसतं ‘शांत’ लिहायला,” ताई म्हणाल्या.

साहेब उठले नाहीत. खुर्ची सोडायला त्यांना कुठलंच कारण पुरत नसे. त्यांनी नोंदवही ताईंपुढे सरकवली आणि वाऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. गच्चीवरच्या यंत्राचा काटा शून्यावर होता आणि आमच्या खात्यात शून्याला एकच शब्द आहे, शांत.

ताई आमच्या हवामान केंद्रातल्या निरीक्षक. सत्तावीस वर्षं ढग बघून बघून त्यांची मान कायमची अवघडली होती. मी तिथला कारकून. दिवसभर फोन घेतो म्हणून मला सगळे ‘टेलिफोन’ म्हणतात. त्या दुपारी तो ढग मीही पाहिला होता आणि पाऊस येणार म्हणून खूश झालो होतो. ताईंनी माझी खुशी फार वेळ टिकू दिली नाही. ढगाचं बूड फार उंच आहे, म्हणाल्या. खाली झालरी लोंबतात तो पाऊसच, पण कोरड्या हवेत वाटेतच विरून जातो. थेंब जमिनीवर पोचत नाही, गार झालेली हवा मात्र धाडकन खाली आदळते आणि चहूकडे सुटते. आत्ता पान हलत नाही, अर्ध्या तासात पत्रे उडतील. रानात गवत वाळून खडखडीत झालंय, अशात एक ठिणगी पुरे.

त्यांना वणव्याचा लाल इशारा द्यायचा होता. पण त्यावर सही साहेबांची लागते. तीन आठवड्यांपूर्वी अशाच ढगावर ताईंच्या शब्दाखातर साहेबांनी सही केली होती. शाळा सुटल्या, बाजार बंद झाला आणि ढग निमूट निघून गेला. वरून साहेबांना खरमरीत पत्र आलं. तेव्हापासून त्यांचा ढगांवर राग होता.

निदान शेऱ्याच्या रकान्यात तरी ‘वारा सुटेल, आग लावू नये’ एवढं लिहू द्या, असं ताई म्हणाल्या. मागच्या दारानं इशारा नको, असं साहेब म्हणाले. शेवटी ताईंनी ‘शांत’ लिहिलं, शेरा कोरा सोडला. धाकट्या भावाला फोन लावला, तो लागला नाही. धाकटा वनखात्याच्या टोळीचा मुकादम. वणवा अडावा म्हणून रस्त्याकडेच्या गवताचा पट्टा आधीच जाळून ठेवायचा, हे त्याचं काम. काडी ओढण्याआधी चौकीवरून आम्हाला फोन करून तो वारा विचारायचाच.

“मी ढग बघून येते,” ताई मला म्हणाल्या. “धाकट्याचा फोन आला तर मला हाक मार. मी बोलेन त्याच्याशी.”

त्या गच्चीवर गेल्या आणि पाचच मिनिटांत फोन आला. साहेब माझ्याकडे बघत होते. मी नोंदवही पुढे ओढली.

“वारा शांत,” मी वाचलं.

“शेऱ्यात काही?”

“काही नाही.”

“अक्षर ताईचंच ना?”

“ताईंचंच.”

“मग काळजी नाही,” तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

वीस मिनिटांनी आमच्या खिडक्या धडाधड आपटायला लागल्या. आग रस्ता ओलांडून गेली. टोळीतली बाकीची माणसं ओढ्यात उतरून वाचली. धाकटा सगळ्यांना खाली ढकलून शेवटी राहिला होता. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाहेर येऊन ताईंना सांगितलं, “शांत झाले.” त्या बिचाऱ्यांना काय माहीत.

चौकशी झाली. चौकशीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांनी नोंदवही उघडून ताईंना विचारलं, “अक्षर तुमचंच ना?” ताई म्हणाल्या, “माझंच.” नोंद बरोबर, यंत्र बरोबर, कुणाचाच दोष नाही, असा निकाल लागला. साहेब त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीतून उठले, पाहुण्यांना दारापर्यंत सोडायला. मला कुणी काही विचारलं नाही, आणि मीही आपण होऊन तोंड उघडलं नाही.

ताईंनी मात्र विचारलं. कामावर परतल्या त्या दिवशी, माझ्या टेबलाशी उभं राहून.

“मला हाक मारली होतीस?”

“मारली होती ना,” मी म्हणालो. “वर वाऱ्यात ऐकू आली नसेल.”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या टेबलावरची नोंदवही त्या दिवसाच्या पानावर उघडली आणि माझ्यापुढे ठेवली.

“तेव्हा वारा शांत होता,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही. अजून रोज त्या ढग बघतात, उंची लिहितात, प्रकार लिहितात. काटा शून्यावर असला की तेवढा एक रकाना कोरा ठेवून वही माझ्याकडे सरकवतात.

मी पेन उघडतो आणि ‘शांत’ लिहितो. अक्षर माझंच.