सानाएचा बारावा महिना

नोव्हेंबर लागला की जपानातल्या आमच्या ओदावारा गावातले नवरे एकाएकी बायकोची चौकशी करायला लागतात. तब्येतीची नव्हे, मिळकतीची.

कारण त्या दिवसांत ऑफिसात फॉर्म वाटतात. बायको आपल्या आधारावर आहे असं त्यात लिहून दिलं, की पगारातून कर कमी कापला जातो, आणि वर्षभरात जास्तीचा कापला गेलेला डिसेंबरच्या पगारासोबत परत हातात पडतो. अट एकच, बायकोची वर्षाची कमाई दहा लाख तीस हजार येनच्या पुढे जाता कामा नये. या आकड्याला आमच्याकडे सगळे 'भिंत' म्हणतात. मग वर्ष संपत आलं की दुकानांत, कारखान्यांत, म्हाताऱ्यांच्या सेवाकेंद्रांत अर्धवेळ काम करणाऱ्या बायका भिंत जवळ आली म्हणून घरी बसतात. नेमकी कामाची झुंबड उडालेली असते तेव्हाच! यात काही वावगं आहे असं आपल्यापैकी कुणाला वाटत नाही. मोरिया तेत्सुओलाही वाटत नव्हतं.

तेत्सुओ पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कंपनीत विभागप्रमुख होता. माणूस वाईट नव्हता. पिणं बेताचं, आवाज बेताचा, नाद एकच, गळ टाकून मासे धरायचा. परत मिळालेल्या करातून दर डिसेंबरला तो गळाचं नवं रीळ घ्यायचा. ते पैसे आपले एकट्याचे, असं त्याने ठरवून टाकलं होतं. का, ते विचारू नका. त्यालाही सांगता आलं नसतं.

त्याची बायको सानाए इसोबे बाईंच्या दुकानात अर्धवेळ काम करायची. इसोबे बाईंकडे कामाबोको बनतो, म्हणजे छोट्या लाकडी फळीवर चढवून उकडलेली माशाची वडी. लाल-पांढऱ्या वड्यांच्या जोडीशिवाय आमच्याकडे नवं वर्ष सुरू होत नाही. त्यामुळे बाईंच्या दुकानात अकरा महिने धंदा आणि बाराव्या महिन्यात जत्रा असते.

त्या वर्षीही तेत्सुओ फॉर्म घेऊन घरी आला, जेवणाच्या टेबलाशी बसला आणि त्याने पेन काढलं.

"सानाए, यंदा तुझे किती होतील?"

तिने आकडा सांगितला, भिंतीच्या जेमतेम अलीकडचा. तो तिला पाठ होता.

"शाब्बास! म्हणजे डिसेंबरात जायचं नाही."

"नाही." सानाए संत्रं सोलत होती. "अहो, किताजिमा बाई वर्षअखेरीला काम सोडतायत. गुडघे गेलेत त्यांचे. चाकूने वडी घालणारं दुकानात कुणी उरणार नाही. इसोबे बाई मला म्हणत होत्या, तू कायमची ये. पूर्ण पगारावर."

"कायमची म्हणजे?"

"म्हणजे डिसेंबरातसुद्धा."

तेत्सुओने मोबाइलवर आकडे मारायला सुरुवात केली. "हे बघ. माझी सूट गेली. कंपनी बायकोचा भत्ता देते, तोही गेला. वर तुझ्या पगारातून विमा कापणार, पेन्शनचा हप्ता कापणार. म्हणजे तू दिवसभर गार पाण्यात हात घालायचे आणि घरात येणार काय? भोपळा! कमावून कमावून घराचं नुकसान करायचं, ही कुठली गंमत?"

"बरं," सानाए म्हणाली, आणि अर्धं संत्रं तिने त्याच्यापुढे ठेवलं.

तेत्सुओने फॉर्मवर आमच्याकडे सहीऐवजी असतो तो आपल्या नावाचा शिक्का उमटवला. ते 'बरं' मात्र त्याला जरा खुपलं. इतक्या लवकर कशी तयार झाली ही? पण जिंकलेलं भांडण पुन्हा कोण उकरून काढतं? तो संत्रं खाऊन झोपायला गेला.

डिसेंबर सुरू झाला. सानाए रोज दुपारी नगरसभागृहात समूहगानाच्या सरावाला जाऊ लागली. तीन वर्षांपासून तिने हे गाणं धरलं होतं. तेत्सुओने कार्यक्रम कधी असतो ते विचारलं नव्हतं, आणि घरात ती कधी गुणगुणतही नव्हती. संध्याकाळी तिच्या बोटांना भेगा दिसायच्या.

"गाऊन गाऊन बोटं फुटली होय गं तुझी?" तो एकदा म्हणाला.

"सभागृहातले कप विसळावे लागतात. पाणी गार असतं."

दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी मलम आणायचं त्याच्या डोक्यात आलंही होतं. पण वाटेत गळाचं दुकान लागलं. रीळ हातात घेऊन बघण्यात अर्धा तास गेला, शेवटी 'माझ्यासाठी बाजूला ठेवा' असं सांगून तो बाहेर पडला, आणि मलम राहून गेलं.

पुढच्या शनिवारी साहेबांनी त्याला गिऱ्हाइकांना पाठवायच्या भेटी आणायला सांगितलं. भेट म्हणजे कामाबोको, आणि कामाबोको म्हणजे इसोबे बाई. तेत्सुओ दुकानात गेला तर ही लांब रांग! रांगेतून काचेपलीकडचा कारखाना दिसत होता. पांढरी टोपी घातलेली एक बाई रुंद चाकूने वाटलेल्या माशाचा गोळा उचलायची, फळीवर टेकवायची आणि चाकूच्या दोन फेऱ्यांत त्याची गोलसर पाठ अशी काढायची की बघत राहावं. शेजारी म्हाताऱ्या किताजिमा बाई नुसत्या मान डोलवत होत्या. चाकू चालवणाऱ्या बाईचा चेहरा फुललेला होता. तेत्सुओला ती ओळखू यायला जरा वेळ लागला, कारण हा चेहरा त्याने घरात बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

ती सानाए होती!

खरं सांगायचं तर त्याच्या मनात आधी बायको आली नाही, फॉर्म आला. तो रांग मोडून पुढे घुसला.

"इसोबे बाई! हे काय चाललंय? ही डिसेंबरात कामावर कशी? मी ऑफिसात लिहून दिलंय! भिंत ओलांडली तर निस्तरणार कोण?"

अख्खी रांग वळून बघू लागली. आमच्याकडे असं चारचौघांत कुणी ओरडत नाही. आत सानाएचा चाकू थांबला.

सत्तरी पार केलेल्या इसोबे बाई शांतपणे म्हणाल्या, "आत या, मोरियासान. लोक वड्यांसाठी उभे आहेत, तुमच्यासाठी नाही."

आत नेऊन त्यांनी दार लावलं. "घाबरू नका. तुमची भिंत शाबूत आहे. डिसेंबर लागल्यापासून हिने एक येन घेतलेला नाही."

"म्हणजे?"

"गेल्या वर्षीही नाही. त्याच्या आदल्या वर्षीही नाही. फुकट राबते तुमची बायको. तुमचा फॉर्म खोटा पडू नये म्हणून!"

त्याने सानाएकडे पाहिलं. ती हात पुसत होती, आणि त्या बोटांवरच्या भेगा आता त्याला नीट दिसल्या.

"पहिल्या वर्षी इथल्या दोघी तापाने पडल्या होत्या," सानाए हळू आवाजात म्हणाली. "रांग पार देवळापर्यंत गेली होती. मी नुसती डोकवायला आले होते, राहवलं नाही. म्हटलं, पैसे घेतले नाहीत तर कुणाचं काय बिघडतं? तुमच्याशी खोटं बोलले, गाण्याचं सोंग केलं, ते चुकलंच माझं. रोज घरी येताना तोंड दाखवायची लाज वाटायची. पण घरी बसले ना, की वाटायचं, वर्षाचे अकरा महिनेच मी माणूस आहे. बारावा महिना मी तुमच्या फॉर्ममधला एक रकाना."

हे ती रागाने बोलली असती तर तेत्सुओला उत्तर सुचलं असतं. तिने माफी मागितली होती. जिने फुकट राबायचं तीच माफी मागत होती! तीन डिसेंबर, तीन रिळं. दोन कपाटात चमकत होती, ती तो दर रविवारी पुसून ठेवायचा, आणि तिसरं दुकानात त्याच्यासाठी बाजूला काढलेलं होतं.

"पण... हिशेब तर बरोबर होता," तो कसाबसा म्हणाला.

"होताच की," इसोबे बाई म्हणाल्या. "मीही दुकान चालवते, मला कळतो हिशेब. एकदोन वर्षं घरात तूट दिसेल. पण तुम्ही मांडलात तो एका वर्षाचा, आणि ही जगणार अजून चाळीस वर्षं. नवऱ्याच्या आधाराने राहिलेल्या बाईच्या हाती म्हातारपणी किती पेन्शन येते, कधी विचारलंत? माझा नवरा गेला तेव्हा मला कळलं. दुकान होतं म्हणून तगले. भिंत सरकारने बांधली म्हणाल, तर असेल. पण ती उचलून जेवणाच्या टेबलाशी कुणी आणून उभी केली, मोरियासान?"

तेत्सुओची मान खाली गेली.

"आणि मी तरी कुठे साधू?" बाई पुढे म्हणाल्या. "फुकटचे हात मलाही गोड लागले. पहिल्याच दिवशी हिला पगार द्यायला हवा होता, नाहीतर घरी पाठवायला हवं होतं. कायद्याने गुन्हा आहे तो, आणि गुन्ह्याहून जास्त लाजेची गोष्ट आहे." असं म्हणून त्या म्हाताऱ्या बाई सानाएपुढे कमरेत वाकल्या. "मला माफ कर. मागचं सगळं मी देणार. पण आजपासून या दारात फुकट काम नाही. पगार घेणार असशील तर चाकू धर. नाहीतर एप्रन काढून ठेव. किताजिमा बाई वर्षअखेरीपर्यंतच आहेत, आणि आपल्या हातचं कसब त्या इथे राहणारीलाच शिकवतील. जाणारीला शिकवून काय उपयोग?"

सानाएने चाकूकडे पाहिलं आणि मग तेत्सुओकडे पाहिलं.

त्या नजरेने तेत्सुओ मेल्याहून मेल्यासारखा झाला. एकोणीस वर्षांचा संसार! आणि चाकू उचलायचा की नाही, हे ही बाई अजून माझ्या तोंडाकडे बघून ठरवते? कुणी लावली हिला ही सवय? मीच ना!

"माझ्याकडे नको बघूस," तो म्हणाला. "तुला काय करायचंय, सानाए?"

सानाएने चाकू उचलला.

तेत्सुओला तिथून जाववेना. कोपऱ्यात भेटीच्या खोक्यांचे पुठ्ठे दुमडायचे पडले होते. खोकी हा त्याचाच धंदा. त्याने कोट काढला आणि दुकान बंद होईपर्यंत तो पुठ्ठे दुमडून खोकी तयार करत बसला.

"हा गडी बिनपगारी आहे हं!" इसोबे बाईंनी आवाज दिला, तशा सगळ्या बायका हसल्या. तेत्सुओही हसला, पण त्याचे डोळे चुरचुरत होते.

घरी जाताना त्याने औषधाच्या दुकानातून मलम घेतलं. "हे दोन वर्षांपूर्वीच आणायला हवं होतं," तो म्हणाला. सानाएने मलम पिशवीत टाकलं. 'असू दे' असं काही ती म्हणाली नाही, आणि ती म्हणाली नाही हेच योग्य झालं असं त्याला वाटलं. मग गळाच्या दुकानात शिरून बाजूला ठेवलेलं रीळ नको म्हणून तो सांगून आला.

सोमवारी तो ऑफिसातल्या अकुत्सु बाईंपुढे उभा राहिला. कर्मचाऱ्यांचे फॉर्म त्यांच्याकडे असत.

"माझा फॉर्म परत हवाय. दुरुस्ती करायचीय."

"आत्ता? या धांदलीत?"

त्याने तिथेच उभ्याउभ्या सानाएच्या नावावर दोन रेघा मारल्या आणि आमच्या पद्धतीप्रमाणे वर आपला शिक्का उमटवला. अकुत्सु बाईंचे डोळे विस्फारले. दुपारपर्यंत अख्ख्या ऑफिसात कुजबुज पसरली की मोरियासानची बायको सोडून गेली. एकाने तर मशीनमधून गरम कॉफीचा डबा आणून त्याच्या टेबलावर हळूच ठेवला आणि खांद्यावर हात ठेवला.

"अहो, घटस्फोट नाही झाला!" तेत्सुओ ओरडला. "तिला पगार सुरू झालाय, पगार!"

"मग तुम्हाला तोटा नाही का होणार?" कॉफी आणणाऱ्याने विचारलं.

"होणार ना. आजवर तो ती एकटी सोसत होती. आता दोघं सोसू."

आपापल्या टेबलाशी दोघेतिघे बराच वेळ पेन फिरवत बसले होते, असं अकुत्सु बाई नंतर सांगत होत्या.

नव्या वर्षाच्या सुट्टीत ताटात लाल-पांढऱ्या वड्या होत्या. सानाएच्या हातच्या, एक जरा कलती. जेवण झाल्यावर तिने पिशवीतून एक कागद काढला. इसोबे बाईंनी दिलेला तिचा स्वतःचा फॉर्म, तिच्या आयुष्यातला पूर्ण पगाराचा पहिला. तिने चष्मा लावला आणि पेन काढलं.

"अहो, तुमची वर्षाची कमाई किती?"

तेत्सुओने सांगितली.

"छे! फारच झाली. तुम्ही काही माझ्या आधाराच्या रकान्यात बसत नाही." तिने मान हलवली. "जरा कमी काम कराल का? डिसेंबरात घरी बसा हवं तर."

त्याने दचकून वर पाहिलं. ती हसत होती, पण ते सगळंच हसण्यावारी नव्हतं.

"बरं," तेत्सुओ म्हणाला. आणि तो एवढासा शब्द उच्चारायला किती जड असतो, ते त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मंडळी, करात चार पैसे वाचवण्यात गुन्हा नाही. पण माणसाला आखूड करून वाचवलेला पैसा ही बचत नव्हे, ती त्याच्याकडून काढून घेतलेली वर्षं असतात, आणि ती कुठल्याच डिसेंबरच्या पगारात परत मिळत नाहीत. येत्या नोव्हेंबरात फॉर्म घरी आला, की आकडा विचारायच्या आधी बायकोला एवढंच विचारा, तुला काय करायचंय? आणि ती नुसतं 'बरं' म्हणाली, तर तेवढ्यावर शिक्का मारू नका.