मधली अक्षरं

पडदा काळा झाला तेव्हा सूनबाईचा हात अजून माऊसवरच होता. प्रोसेसरचा वेग चार पॉइंट दोन गिगाहर्ट्झवर नेऊन जेमतेम तीन मिनिटं झाली होती. पंखा पिसाळल्यासारखा घुमला, तापमान पंचाण्णवच्या वर गेलं आणि कॉम्प्युटरने सरळ मान टाकली. ती खुर्चीतून उठली, बसली, परत उठली. खरं तर रडू यायला हवं होतं, पण तिला चढला होता चेव.

"तीन मिनिटं चालला की," ती म्हणाली. "म्हणजे दम आहे त्याच्यात. आतली उष्णता बाहेर पडत नाहीये, एवढंच."

हे ती स्वतःशीच बोलत होती, पण दारात उभ्या असलेल्या सासऱ्यांनी ऐकलं. सासरे चाळीस वर्षं कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यापासून त्यांनी घरातल्या एकूण एक नळाचा आणि बिजागरीचा असा पिच्छा पुरवला होता की आता दुरुस्त करण्याजोगं काही उरलंच नव्हतं. शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी मात्र अजून असायची. ती धुवायला गेलेल्या शर्टातून काढून ठेवायचं काम सूनबाईकडे होतं.

सूनबाईचा धंदा असा, की अजून न बांधलेल्या घरांमधून ती माणसांना फिरवून आणायची. नकाशावरून कॉम्प्युटरवर घर उभं करायचं, खिडकीतून ऊन आत आणायचं, आणि मग दारातून शिरून गच्चीपर्यंत नेणारी दोन मिनिटांची फिल्म काढायची. धंदा म्हणायचा तो तिने. अजून त्याला गिऱ्हाईक नव्हतं. घरं बांधणाऱ्या एका कंपनीने नमुना मागवला होता. आवडला तर वर्षभराचं काम. नाही तर एक तारखेपासून जुन्या ऑफिसातली तीच खुर्ची आणि तीच पत्रं टाइप करणं. ऑफिसवाल्यांनी खुर्ची रिकामी ठेवली होती, हे त्यांचे उपकारच, आणि नेमके तेच तिला नको होते.

प्रोसेसर तिने महिनाभर चाळणी लावून निवडला होता. दुकानदार महागड्या डब्यांवर हात ठेवून बोलत होता आणि ही खालच्या फळीवरच्या एकाच डब्याकडे बघत होती. सगळ्यात स्वस्त होता तो, पण त्याचा वेग कंपनीने ठरवलेल्या आकड्यापुढे वाढवायची मुभा होती. सहा कोअर, तीन पॉइंट सहाचं पोर चार पॉइंट दोनचं काम करेल असा तिचा हिशोब. नवऱ्याने एकच अट घातली होती, तीही मायेने. सात दिवसांत जमलं नाही तर परत करायचा. दुकानदारही तयार झाला; फक्त प्रोसेसरच्या झाकणावरचं नाव आणि नंबर शाबूत हवा म्हणाला.

"आमच्या बाबांनी एकदा स्वतःचं वर्कशॉप काढायचं म्हणून लोखंड कातायचं लेथ मशीन आणलं होतं, आठ दिवसांच्या बोलीवर," घरी येताना नवऱ्याने कौतुकाने सांगितलं होतं. "आठव्या दिवशी परत केलं. एक ओरखडा नव्हता त्याच्यावर. असं जपून वापरायचं."

ही कालची गोष्ट. आज रविवारी सकाळी कंपनीने शेवटचे बदल कळवले होते, आणि फिल्म हवी होती सोमवारी दुपारी दोनला. कंपनीच्या वेगाने कॉम्प्युटर ती फिल्म काढायला अठ्ठावीस तास घेणार होता. चार पॉइंट दोनवर चोवीस. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले होते. हाताशी तास होते सव्वीस.

"उघड बघू," सासरे म्हणाले.

तिने कॅबिनेटची बाजू काढली, पंख्याचे स्क्रू सैल केले आणि प्रोसेसरवर बसणारा धातूचा ठोकळा त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्याचं बूड पुसलं, खिशातली पट्टी काढून त्यावर उभी धरली आणि दोन्ही खिडकीकडे नेलं.

"मधे उजेड दिसतो का?"

पट्टी आणि धातूच्या मधोमध केसाएवढी उजेडाची रेघ होती. तिला ती दिसली आणि अंगावर काटाच आला. महिनाभर तिने किती माहिती वाचली होती, पण ठोकळ्याचं बूड खोलगट असेल, मधे टेकत नसल्याने उष्णता अडत असेल आणि हे कळायला सहा इंचांची पट्टी पुरेल, हे तिच्या गावीही नव्हतं.

मग जे सुरू झालं त्याला सासऱ्यांनी काम म्हटलं असतं, पण चेहरा सणाचा होता. कपाटातली काचेची फळी टेबलावर आली. त्यावर पॉलिश पेपर चिकटवला गेला. ठोकळ्याच्या बुडावर त्यांनी तिच्या मार्करने काळे पट्टे ओढले आणि तो हलक्या हाताने फिरवायला घेतला. दहा फेऱ्या, मग पाव वळसा, परत दहा फेऱ्या. उचलून दाखवलं तेव्हा कडा लख्ख झाल्या होत्या आणि मधली शाई जशीच्या तशी होती.

"कडा आधी निघतात. जिथे खड्डा, तिथली शाई शेवटी जाते," ते म्हणाले. "ती गेली की समजायचं, सपाट झालं."

तिनेही हात लावला. ते घासायचे, ती पुसायची; ती घासायची, ते मोजायचे. मधला काळा ठिपका रुपयाएवढा झाला, डाळीएवढा झाला आणि एकदाचा गेला. एकाला दहा मिनिटं कमी होती.

आता सासऱ्यांनी प्रोसेसर मागितला. त्याच्या झाकणावर त्यांनी पट्टी धरली, खिडकीकडे तोंड केलं आणि बराच वेळ एक डोळा मिटून पाहिलं. मग पट्टी खिशात गेली.

"हेही घासून घेतलेलं बरं," ते म्हणाले. "पण नाव जाईल."

"मग दुकानदार परत घेणार नाही."

"नाही घेणार. तू ठरव."

त्यांनी प्रोसेसर तिच्या तळहातावर ठेवला. राखाडी अक्षरांच्या चार ओळी होत्या. ही अक्षरं होती तोवर जुनी खुर्चीही होती. बाजारात गेलेला नवरा भाजी घेऊन येईल, विचारेल, आणि तो विचारायच्या आत काहीतरी व्हायला हवं, असं तिला वाटलं. तिने कडा चिमटीत धरल्या, खालच्या बारीक पिना वर आल्या, आणि झाकण पेपरवर पालथं टेकवलं.

दहा फेऱ्यांनी उचललं तेव्हा अक्षरं सगळीकडे सारखीच फिकट झाली होती. अजून दहा फेऱ्या, आणि चारही ओळी एका दमात नाहीशा झाल्या. खालून तांबं वर आलं, नव्या भांड्यासारखं तांबूस. त्या घाईत तिला फक्त ते सुंदर दिसलं.

सव्वा वाजता तिने परत चार पॉइंट दोनचा आकडा टाकला आणि फिल्म काढायला लावली. दोघं पडद्याला नाक लावून बसले. सत्तर. अठ्ठ्याहत्तर. ब्याऐंशी. त्र्याऐंशीवर आकडा थबकला आणि थबकूनच राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. नवरा पिशव्या घेऊन दारात आला तेव्हा सासरा आणि सून एकमेकांना टाळी देत होते, आणि असं दृश्य त्या घरात पूर्वी कुणी पाहिलेलं नव्हतं.

सोमवारी एक वाजून वीस मिनिटांनी शेवटचं चित्र निघालं. दोनला सात मिनिटं असताना फिल्म पोचल्याची कंपनीची पोच आली. सूनबाई त्या दुपारी जेवायची विसरली.

त्यानंतर कंपनी गप्प झाली. मंगळवार गेला, गुरुवार गेला. सूनबाईने वाट पाहायचा प्रयत्न करून पाहिला, पण समोर असा घोडा बांधलेला असताना तिला बसवेना. तिने आणखी दोन कंपन्यांना फिल्म पाठवली आणि तिसरीसाठी नवं घर उभं करायला घेतलं.

शनिवारी सकाळी नवरा हळूच म्हणाला की आज सातवा दिवस, आणि जुन्या ऑफिसलाही संध्याकाळपर्यंत कळवायचं आहे. पावती काढून ठेवू का? सासरे खिडकीशी पेपर वाचत होते. सूनबाईने सांगून टाकलं की नाव घासून काढलं, आता परत करण्याचा प्रश्नच नाही. नवरा बघतच राहिला. त्याला वाईट वाटू नये म्हणून ती उत्साहाने समजावू लागली.

"अरे, करावंच लागलं. ठोकळा मधे खोलगट होता, म्हणून कडा आधी निघाल्या आणि मधली शाई सगळ्यात शेवटी गेली. झाकणाचंही तसंच, मधली अक्षरं..."

ती थांबली. मधली अक्षरं शेवटी गेली नव्हती. कडेच्या अक्षरांबरोबरच गेली होती, एका दमात. आणि झाकणावर पट्टी धरली तेव्हा उजेडाची रेघ तिला कुणी दाखवली नव्हती.

"मधली अक्षरं काय?" नवऱ्याने विचारलं.

"गेली," ती म्हणाली. "चहा टाकतोस का तिघांना?"

तो आत गेला. सासऱ्यांनी पेपर खाली केला नाही, पण पानही उलटलं नाही.

"बाबा, झाकण सपाटच होतं ना?"

पेपर गुडघ्यावर आला. सासऱ्यांनी खिशातली पट्टी काढली, अंगठ्याने पुसली, परत खिशात ठेवली. आत पातेल्याचा आवाज झाला.

"त्या लेथवर मी आठ दिवस एक ओरखडा पडू दिला नव्हता," ते म्हणाले. "म्हणून तर ते परत देता आलं."

सूनबाईने फोन घेतला, जुन्या ऑफिसला खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या असं दोन ओळींत लिहिलं आणि पाठवून दिलं. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढून आपल्या खुर्चीशेजारी ठेवलं.

"या," ती म्हणाली. "चार पॉइंट तीन होतोय का बघू."