प्रश्नांसाठी पंधरा मिनिटं

सकाळी नऊ वाजता हॉटेलच्या दारात उभी असलेली पाहुणी आपली सख्खी बहीण आहे, हे गाईडच्या लक्षात आलं तेव्हा पळ काढायला उशीर झाला होता. तिने त्याला पाहिलं होतं आणि ड्रायव्हर गाडीचं दार उघडून उभा होता.

ऑफिसने आदल्या दिवशी एवढंच कळवलं होतं की पाहुणी एकटीच आहे, खाजगी टूर आहे, नऊ ते एक, अर्धा दिवस, आणि गाईड तुम्हीच हवे म्हणून बाई अडून बसल्यात. त्यात गाईडला काही वावगं वाटलं नव्हतं. तेवीस वर्षं तो हे शहर लोकांना दाखवत होता आणि लोक त्याचं नाव पुढच्या लोकांना सांगत. उलट स्वारी जरा फुशारलीच होती. गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला, तर समोर ताई.

नऊ वर्षांत केस सगळे पिकले होते. गळ्याभोवती स्कार्फ, हातात पाण्याची बाटली. थंडी म्हणाल तर नावालाही नव्हती.

"कसा आहेस?" ती म्हणाली. आवाज घोगरा होता, बसलेला.

"नमस्कार, मॅडम," गाईड म्हणाला. "आपलं या शहरात स्वागत आहे."

आता या माणसाला काय म्हणावं? जिने बोट धरून शाळेत नेलं, याच्या वाटचे धपाटे जिने आईसमोर स्वतःच्या पाठीवर घेतले, तिला हा शहाजोगपणे मॅडम म्हणतो. खरं सांगायचं तर तो शब्द त्याच्याही तोंडून सवयीनेच निसटला होता. पण एकदा निसटल्यावर परत घ्यायचा कसा? मग त्याने तोच लावून धरला. मॅडम तर मॅडम.

भांडण बापावरून होतं. त्यांच्या गावी बाबांचं चष्म्याचं दुकान होतं, आठ बाय दहाचं. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, काच घासायची, दांडीचे स्क्रू आवळायचे. मुलाने गल्ल्यावर बसावं ही बाबांची इच्छा, आणि मुलाला बोलायची हौस. एक दिवस तो सगळं सोडून या मोठ्या शहरात आला आणि गाईड झाला. "तोंडाची वाफ दवडून कुणाचं पोट भरलंय?" असं बाबा म्हणाले आणि त्यानंतर फारसं काही म्हणालेच नाहीत. पुढे ते आजारी पडले तेव्हा ताईने फोनावर फोन केले. हा म्हणाला, सीझन चालू आहे, आटोपला की येतो. आला तो चौथ्या दिवशी, बाबांना पोचवून झाल्यावर. दार ताईने उघडलं. घरभर नातेवाईक बसलेले, आणि त्या सगळ्यांदेखत ती म्हणाली, "संपला का सीझन?"

बस. तो उंबऱ्यावरूनच मागे फिरला. तिचे फोन घेणं बंद केलं. तिला आधी चुकलं म्हणू दे, मग बघू, असं त्याने ठरवून टाकलं.

पण हे वरवरचं. आतलं कारण वेगळं होतं आणि ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तो जिना उतरत असताना ताई मागून ओरडली होती, "बाबा शेवटी काय म्हणाले ते तरी ऐकून जा." ते त्याने ऐकलं नाही. बाबा गेले ते आपल्याला शिव्याशाप देऊन गेले, याची त्याला मनोमन खात्री होती. ते वाक्य कानावर पडलं तर उरलेला जन्म ते घेऊन जगावं लागेल. त्यापेक्षा न ऐकलेलं बरं.

आणि आता तेच वाक्य पाण्याची बाटली घेऊन गाडीच्या मागच्या सीटवर येऊन बसलं होतं.

गाडी निघाली आणि गाईडने तोंडाचा पट्टा सोडला. धंद्याचा नियमच आहे, पाहुणा गप्प झाला की गाईडने बोलायचं. गाडीत शांतता पसरली की पाहुणा घड्याळ बघायला लागतो. त्यामुळे सिग्नलला गाडी थांबली तरी याचं बोलणं थांबत नसे. घड्याळाचा मनोरा आला. तो बांधणाऱ्या कारागिराने बायको नेहमी उशीर करते म्हणून घड्याळ पाच मिनिटं पुढे लावलं, असं तो सांगायचा. ही गोष्ट त्याने स्वतःच रचलेली. एका नव्या नवरा-बायकोच्या जोडीला हसू यावं म्हणून कधीतरी ठोकून दिली होती. आता शहरातले बाकीचे गाईडही ती सांगतात, छापील माहितीपत्रकातही आली आहे. घड्याळ पुढे असतं ते निव्वळ बिघाडामुळे.

"खरंच?" ताई हसली. "तू लहानपणापासून असाच. अरे, ऐक ना, मी मुद्दाम आलेय..."

"डावीकडे पाहा, मॅडम."

डावीकडे एक बँक होती. साधी, चार मजली, काचेची. हे शहरातलं पहिलं लिफ्टवालं कार्यालय, असं गाईडने बेधडक सांगून टाकलं. ड्रायव्हरने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. बारा वर्षं तो याच्याबरोबर गाडी चालवत होता, पण ही बँक टूरमध्ये कधी आली नव्हती.

असं करत करत न्यायालयाच्या पायऱ्या झाल्या, फुलबाजार झाला. फुलबाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. हातगाड्या, हमाल, मागून हॉर्न. ताई मधेच थांबून पाण्याचा घोट घ्यायची, तोंड उघडायची, आणि तेवढ्यात गाईड पुढे निघालेला असायचा. ती फार कमी बोलत होती. अजूनही ताठा गेलेला नाही, असं त्याने मनात म्हटलं. इतक्या लांब आली, पण "चुकलं" हा एक शब्द काही तोंडातून फुटत नाही.

जुन्या पुलावर मात्र तिने त्याची बाहीच धरली. पुलावरून ट्रक जात होते, कठडा थरथरत होता.

"अरे, दोन मिनिटं थांब. मला बोलायचंय."

"प्रश्न शेवटी घेतो आपण, मॅडम. शेवटची पंधरा मिनिटं प्रश्नांसाठीच राखून ठेवलेली असतात."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मान थोडी मागे घेतली, डोळे बारीक केले, आणि बाबांच्या आवाजात म्हणाली, "हं. खालची ओळ वाचा."

हे सोंग ती अगदी लहान असल्यापासून वठवायची. पाहुणे आले की तिला पुढे करून बाबांची नक्कल करायला लावत, आणि ती अशी हुबेहूब करायची की आतल्या खोलीतून आई "आले का हो?" म्हणून विचारायची. आज आवाज बसलेला होता तर तो आणखीच बाबांसारखा वाटला. क्षणभर बाबाच कठड्याला टेकून उभे होते. आता ती ते वाक्य म्हणणार, आणि म्हणणार तेही याच आवाजात, हे गाईडला कळलं.

"हा पूल," तो मोठ्याने म्हणाला, "एकशे बारा वर्षांचा आहे. याला एकूण सोळा खांब आहेत." मग त्याने ते खांब एकेक करून मोजून दाखवले.

ताईने बाही सोडली. "बरं," ती म्हणाली. "शेवटी तर शेवटी."

संग्रहालयापाशी तो तिकिटं काढायला गेला तेव्हा ती गाडीतच बसून ड्रायव्हरशी काहीतरी बोलत होती. रांग मोठी होती आणि गाईडने ती आणखी मोठी होऊ दिली.

परतीच्या वाटेवर ट्रॅफिक तुंबला. एक बस मधोमध बंद पडली होती. एरवी गाईडने अशा वेळी ड्रायव्हरला गल्लीतून गाडी काढायला लावली असती, आज तो त्या बसचा इतिहास सांगत बसला. एकला पाच कमी असताना गाडी हॉटेलपाशी लागली.

"पंधरा मिनिटं होती ना माझी?" ताईने विचारलं. आवाज आता जेमतेम ऐकू येत होता.

"ट्रॅफिकमध्ये गेली, मॅडम. माफ करा. दोन वाजता दुसरी टूर आहे."

एकपासून दोनपर्यंत तास जातो, हे तिलाही कळत होतं आणि त्यालाही. ती उतरली. जाताना तिने त्याच्या गालावर हात ठेवला, लहानपणी ठेवायची तसा, आणि आत गेली. गाईड समोरच्या टपरीवर तासभर चहा पीत बसला. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण काही केल्या तसं वाटेना.

हा मंगळवार. शनिवारी तोच ड्रायव्हर पुन्हा त्याच्या ड्यूटीवर आला. पाहुण्यांची वाट बघत दोघं गाडीला टेकून उभे होते.

"मास्तर, त्या मंगळवारच्या बाई हो. झालं का ऑपरेशन त्यांचं?"

"कसलं ऑपरेशन?"

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही?" ड्रायव्हर चकित झाला. "घशाचं. गुरुवारी होतं, इथल्याच मोठ्या हॉस्पिटलात. आवाजाची पेटीच काढणार होते म्हणे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जे काय बोलायचं ते बोलून घ्या. मला म्हणाल्या, एका माणसाशी बोलायचंय म्हणून आले, पण तो काही बोलू देईना. मी म्हटलं, बाई, तोंडावर हात ठेवा त्याच्या. तर हसल्या."

गाईडने ड्रायव्हरच्या हातातून पाण्याची बाटली घेतली, तोंडाला लावली आणि न पिताच परत दिली. "पाहुण्यांना सांग, दुसरा गाईड येतोय," एवढं म्हणून तो रस्त्याला लागला. दुसरा गाईड कोण, कुठून येणार, याचा त्याला पत्ता नव्हता.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, बाकावर दाजी बसले होते. ताईचा नवरा, गरीब स्वभावाचा माणूस. त्यांनी याला पाहिलं आणि नुसतंच सरकून जागा दिली. "फोन करायला ती नको म्हणाली," ते म्हणाले. "समजलं तर कीव करून येईल, म्हणाली. तिला तुझी कीव नको होती. तू ताई म्हणून हाक मारावीस, मग ऑपरेशनचं सांगायचं, असं तिच्या मनात होतं." रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ते अगदी साधेपणाने सांगितलं.

ताई उशीला टेकून बसली होती. गळ्याला बँडेज, त्यातून बाहेर आलेली नळी. मांडीवर एक वही आणि पेन.

"ताई," तो म्हणाला. पुढचं काही सुचेना. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. "ताई, चुकलं माझं."

तिने हात पुढे केला आणि त्याने तो धरला. मग तिने हात सोडवून वही घेतली. आधी लिहिलं, "माझंही चुकलं. दारात बोलले ते." ते त्याला वाचू दिलं. मग पान उलटलं आणि पेन टेकवून थांबली. तिने दरवाजाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. लिहू की नको असं तिचं चाललेलं दिसत होतं.

"लिही," तो म्हणाला. "बाबा काय म्हणाले असतील ते. मी वाचतो."

तिने तीन शब्द लिहिले.

"आला का शहाणा?"

गाईडने ते वाचलं. पुन्हा वाचलं. शिव्या नव्हत्या, शाप नव्हते. नुसते हे तीन शब्द. बाबा त्याला शहाणा म्हणायचे ते दोन तऱ्हांनी. पाच-सहा वर्षांचा असताना त्याने पहिल्यांदा चष्म्याच्या दांडीचा बारीक स्क्रू न सांडता बसवला तेव्हा बाबांनी त्याला उचलून काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, शहाणा माझा. आणि तो दुकान सोडून निघाला तेव्हाही म्हणाले, जा, मोठा शहाणा लागून गेलायस. शब्द तोच. फरक सगळा आवाजात.

"कसं म्हणाले?" त्याने विचारलं. "ताई, कसं म्हणाले गं? चिडून?"

ताईने मान मागे घेतली, डोळे बारीक केले. सवयच ती. तोंड उघडलं, ओठ हलले. गळ्याच्या नळीतून हवा सुटल्याचा बारीक आवाज आला. तिने पुन्हा एकदा करून पाहिलं. मग तिच्याही लक्षात आलं आणि तिने तोंड मिटलं.

घाईघाईने तिने वही ओढली आणि लिहिलं, "मायेनं." त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि वही त्याच्यापुढे धरली.

त्याने मान हलवली. पण समोरचा माणूस काय ऐकायला आसुसलाय ते ओळखून नेमकं तेच त्याला सांगणं, हेच तर तो तेवीस वर्षं करत आला होता. ताईच्या जागी तो असता तर त्यानेही हेच लिहिलं असतं, दोन रेघांसकट. मंगळवारी पुलावर तिने म्हटलं असतं तर विचारायची गरजच पडली नसती. कानाला कळलं असतं.

"हो," तो म्हणाला. "मायेनंच म्हणाले असतील."

ताई त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याचा विश्वास बसलेला नाही हे तिला कळलं. तिने पुन्हा पेन उचललं, पण त्याहून दुसरं लिहिण्यासारखं काही नव्हतं.