थेओफिलचं पाकीट

स्ट्रासबुर्गच्या एका तरुणाने सोमवारच्या सभेत आपला शोध वाचला आणि गुरुवारी तो छापून सिदोनीच्या हाती आला. दोन्ही टोकं जोडलेल्या दोरीतल्या काही गाठी कापल्याशिवाय कधीच सुटत नाहीत, हे त्याने एका आकड्यावरून सिद्ध केलं होतं. तोच आकडा सिदोनीने अकरा वर्षांपूर्वी शोधला होता.

पुरावाही होता. पॅरिसच्या विज्ञानसभेत आपलं काम मोहोरबंद पाकिटात ठेवता येई. सभा त्यावर तारीख घालून ते कपाटात ठेवी. उघडायचं तर ठेवणाऱ्याने किंवा त्याच्या वारसाने अर्ज करायचा. बाईचं पाकीट घेतील की नाही, या धास्तीने सिदोनीने त्यावर धाकट्या भावाचं, थेओफिलचं, नाव घातलं होतं. तो पुढे कॉलऱ्यात गेला. वारस म्हणजे त्याची बायको.

क्लोतिल्द दुकानात टोपीला फीत शिवत होती. सगळं ऐकून तिने सुई खाली ठेवली.

"अहो वन्सं, ह्यांना गिऱ्हाइकाच्या डोक्याचं माप धड घेता येत नव्हतं. आणि हे गणिती?"

"तू फक्त अर्जावर सही कर."

"करते हो. पण सरळ सांगा ना, माझं आहे म्हणून."

"आधी उघडू दे. मग सांगते."

सभेचे चिटणीस म्हातारे होते. त्यांनी मोहोर फोडली, उभ्यानेच पहिलं पान वाचलं, आणि मग खुर्ची ओढून बसले. एकेक पान करत त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

"अकरा वर्षं हे आमच्याच कपाटात पडून होतं," ते म्हणाले. मग क्लोतिल्दकडे वळले. "बाई, हे अक्षर तुमच्या यजमानांचंच ना? विचारावं लागतं. पाकिटावर ज्याचं नाव त्याचं काम नसेल, तर पाकीट बाद."

हा नियम सिदोनीला ठाऊक नव्हता.

क्लोतिल्दने घाईघाईने तिच्याकडे पाहिलं. "मला काय कळतंय त्यातलं? वन्सं, तुम्हीच सांगा. खरं काय ते सांगून टाका एकदाचं."

खरं सांगितलं तर पाकीट बाद, आणि पाकिटाबरोबर तारीखही. मग उरणार ती टोपीवाल्याची थोरली बहीण, दुसऱ्याचा शोध छापून आल्यावर माझा म्हणत आलेली. सिदोनीने पानाच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली: तीन मार्च १८२८. आपलं नाव गेलं तर गेलं, निदान ही तारीख तरी खरी राहील.

"त्याचंच आहे," ती म्हणाली.

क्लोतिल्दने तिचा दंड घट्ट धरला. चिटणिसांनी वहीत थेओफिलचं नाव लिहिलं, टीपकागद दाबला आणि अदबीने मान तुकवली.

"मोठा माणूस होता तुमचा भाऊ. दोन गाठी एकमेकींत अडकल्या तर काय, ते पुढे लिहीन म्हणून शेवटी म्हटलंय. त्यांच्या कागदांत काही सापडेल का?"

ते उत्तर घरी पलंगाखालच्या पेटीत होतं. ते तिने स्वतः गेल्या हिवाळ्यात शोधून लिहिलं होतं, थेओफिलला पुरून सहा वर्षं झाल्यावर. पानापानावर तिने त्या त्या दिवसाची तारीख घातली होती.

"नाही," सिदोनी म्हणाली. "पुढे त्याने काही लिहिलं नाही."